झाकणातल्या टाचण्या

तिनं नोट माझ्या हातात दिली नाही. फळीवर ठेवली आणि हात मागे घेतला. झालं ते एवढंच. शुक्रवारची दुपार, फिलाडेल्फियाचा बाजार तुडुंब भरलेला, पाठीला भट्टीची धग आणि कणकेची लांब वळकटी हातात. प्रेट्झेल वळताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, बघायला वेळच नसतो, पण हात दिसतात. शहरातले हात मला पाठ झालेत. कोणी नोट हातात कोंबतो, कोणी टाकल्यासारखी टाकतो, कोणी फोनवर बोलता बोलता नुसतीच हवेत धरून उभा राहतो. पण नोट नीट उलगडून फळीवर ठेवायची, आणि मग आपला हात तिथं नकोच असा अलगद काढून घ्यायचा, ही इंग्लिश लोकांची तऱ्हा नव्हे. (आमच्या पंथाखेरीज जगातले सगळे आम्हाला इंग्लिशच.) ही तऱ्हा आमची. त्यातही सगळ्यांची नाही, वाळीत पडलेल्यांची. त्यांच्या हातून काही घ्यायचं नसतं. त्यांनी ठेवायचं, मग आपण उचलायचं. माझ्या हातातली वळकटी लोंबायला लागली. मी वर बघितलं. कानापर्यंत कापलेले पांढरे केस, निळं जाकीट, चष्मा, आणि चष्म्याआड माझ्या बापाचे डोळे. माझी धाकटी बहीण सुविला.

"लविना, कणीक वाळत घालायचीय का?" शेजारून एरी म्हणाली. एरीची जीभ भट्टीपेक्षा तापलेली असते. "लोक खोळंबलेत."

"मीठ लावून की बिनमिठाचा?" मी विचारलं. सुचलंच नाही दुसरं काही. पण विचारलं आमच्या बोलीत.

"मिठाचा," ती म्हणाली. तीही आमच्याच बोलीत. इतकी वर्षं दुधाच्या टँकरवाल्याच्या घरात काढली, तरी जीभ आमच्या खोऱ्यातलीच राहिलीय हिची, असं माझ्या मनात आलं, आणि कुठंतरी बरं वाटलं. मग तिनं आईचं विचारलं, "माम कशी आहे?"

"आहे. हिवाळाभर अंथरुणात होती. आता उठते. दिसत नाही फारसं. बोटं तर पारच वाकडी झालीत. मीच घालते कपडे."

"टाचण्यापण?"

"टाचण्यापण."

"अजून तोंडात धरतेस?"

"तोंडात कुठल्या! कवळी बसवलीय. टाचणी धरली की कवळी निसटते, कवळी धरली की टाचणी."

ती हसली. तळवा ओठांवर ठेवून, थेट लहानपणी प्रार्थनेच्या बाकावर हसायची तशी. "मग देतं कोण तुला?"

"झाकण देतं," मी म्हणाले. तेवढ्यात मागचा माणूस खाकरला, एरीनं मला कोपरानं ढोसलं, मी गरम प्रेट्झेल कागदात गुंडाळून सुविलाच्या हातात दिला. द्यायला काही बंदी नाही, बंदी घेण्याला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिची बोटंही आता गाठाळ झालीत. ती वळली आणि गर्दीत निघाली. मला कळत होतं की आता बोलायला हवं, 'ये' एवढंसं तर म्हणायचंय. पण मी ओरडले ते भलतंच. "सोमवारी कपडे असतात! सोमवारी मी घरीच असते!" रांगेतली चार माणसं दचकली. ती थांबली, पण वळली नाही. मग गेली.

"हे काय सांगितलंस त्या बाईला?" एरी म्हणाली. "सोमवारी धुण्याचे कपडे कुणाच्या घरी नसतात?"

मी फळीवरची नोट उचलून गल्ल्यात टाकली आणि पुढचा वळायला घेतला. हात आपोआप चालतात, दोन टोकं उचलायची, एक पीळ, खाली दाबायची, आणि त्यामागे डोकं कुठंही भटकायला मोकळं. मला तिची फार आठवण येत होती. म्हणजे आज नव्हे, रोजच येत असणार. पण ते मला त्या फळीशी कळलं.

परतीच्या गाडीत एरी झोपली, बाकीच्या झोपल्या, फक्त ड्रायव्हर आणि मी जागे. रस्त्यावरचे दिवे संपून आमची शेतं लागली तरी माझ्या डोळ्यांपुढं तो मागे जाणारा हातच होता. सुविला बाप्तिस्मा घेण्याआधी गेली असती, तर यातलं काहीच झालं नसतं. न घेता जाणारे जातात, सणावाराला येतात, एका टेबलाशी जेवतात, आया कुरकुरतात आणि पुन्हा वाढतात. पण ती गुडघ्यांवर बसली होती, माझ्याच शेजारी, एकाच सकाळी. बिशपनं माझ्या डोक्यावर पाणी धरलं, मग तिच्या. तिच्या मानेवरून ओघळलेलं पाणी मला दिसत होतं. तेव्हा ती खोटं बोलत होती असं काही लोक म्हणतात. मी तिच्या इतकी जवळ होते की माझा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, आणि तो थरथरत होता. खोटं बोलणारा खांदा थरथरत नाही. पुढं आमच्या गोठ्यावर दूध न्यायला डेल यायला लागला, शीळ घालत टँकरचा पाइप जोडायचा, आणि दुधाच्या खोलीत झाडलोट करायला एकदम तिचाच नंबर लागायला लागला. मला त्या शिळेचा राग यायचा. अजूनही कुणी शीळ घातली की माझ्या कपाळाला आठी पडते.

ती त्याच्याबरोबर गेली आणि चार महिन्यांनी परत आली ती पाहुणी म्हणून, डेलला घेऊन, इंग्लिश झग्यात. आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमलेलो. डाट, आमचा बाप, खिडकीतून मक्याकडे बघत उभा, आयुष्यात पहिल्यांदाच मका बघितल्यासारखा. वाळीत पडलेल्या माणसाबरोबर एका टेबलाशी जेवता येत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. मामनं आमच्या लांब टेबलाच्या टोकाला कणीक मळायचं छोटं टेबल आणून लावलं. चिकटवलं नाही. मध्ये बोटभर फट सोडली, वाकून ती फट बोटानं चाचपून बघितली, आणि मग दोन्ही टेबलांवर मिळून एकच मोठा टेबलक्लॉथ पसरला. हातानं सुरकुत्या काढल्या. फट दिसेनाशी झाली. सुविला छोट्या टेबलाशी बसली, म्हणजे माझ्या शेजारीच. मधे फक्त ते कापड. शेजारच्या बार्बरानं पुढं केव्हातरी विचारलं, "एवढं लांब कापड कशाला गं लागतं तुला?" तर माम म्हणाली, "मोठंच निघालं बाई, कापायचं जिवावर आलं." माम नियमाची पक्की. तिनं त्या दिवसापासून सुविलाच्या हातून सुईसुद्धा घेतलेली नव्हती. पण टेबलक्लॉथ केवढा असावा याचा नियम कुठंच नाही, आणि जिथं नियम नाही तिथं मामचा हात सैल.

मग वर्षातून दोनतीनदा असंच चालायचं. एकदा सुविलाच्या मुलानं, तेव्हा असेल पाचेक वर्षांचा, दुधाचा पेला नेमका त्या फटीवर ठेवला. कापड खचलं, पेला कलला, दूध सगळं आत. मुलगा कापडाखाली बोट घालून बघायला लागला. "इथं भोक आहे," तो म्हणाला. आम्ही सगळे जेवत राहिलो. माम फडकं घेऊन उठली, पुसता पुसता म्हणाली, "टेबल जुनं झालंय, बाळा." सुविलानं मान खाली घातली होती, आणि मला टेबलाखालून तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला जाणवत होता. फट गुडघ्यांपर्यंत पोचत नव्हती. मी पाय हलवला नाही. त्या जेवणात काय होतं ते मला आठवत नाही, पण तो गुडघा आठवतो.

डाट गेला तेव्हाचं मात्र मामच्या हातात नव्हतं. दफनानंतरचं जेवण वाढतात ते शेजारच्या बाया, घरच्यांनी त्या दिवशी काम करायचं नसतं. त्यांनी त्यांच्या समजुतीनं केलं. मोरीपाशी एक स्टूल, एक ताट, वर कापड नाही. दोनशे माणसं घरात आणि ती एकटी भिंतीकडे तोंड करून. ताटात वाढलेलं सगळं तिनं खाल्लं, एक घाससुद्धा टाकला नाही, ताट धुतलं, फळीवर पालथं घातलं आणि गेली. माम पुढल्या खोलीत माणसांच्या गराड्यात होती. तिला कळलं तोवर गाडी रस्त्याला लागली होती. त्यानंतर सुविला आली नाही. ख्रिसमसला संत्र्यांची पेटी येते, पोर्चवर ठेवलेली. कोण ठेवून जातं ते आम्हाला दिसत नाही. माम ती संत्री स्वतः सोलते, बोटं दुखली तरी मला हात लावू देत नाही, आणि सालं चुलीपाशी वाळवते. फेब्रुवारीपर्यंत घराला तो वास येत राहतो.

आमच्याकडं प्रार्थना एका रविवाराआड असते, त्या रविवारी नव्हती. दुपारी मी मामला सांगितलं. ती खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती, डोळे मिटून, पण झोपलेली नव्हती; झोपली की तिचा खालचा ओठ लोंबतो.

"सुविला दिसली बाजारात."

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "जाड झालीय का?"

"नाही. होती तशीच. केस कापलेत, कानापर्यंत."

"मानेला गारठा लागत असेल," माम म्हणाली. मग, "येतेय का?"

"माहीत नाही. मी सांगितलं, सोमवारी कपडे असतात."

"हे काय सांगणं झालं?"

"एरीपण तेच म्हणाली."

माम हसली नाही. खुर्चीचे हात चाचपत बसली. "आली तर बसवायची कुठं? दुसरं टेबल कुठाय?"

दुसरं टेबल मोठ्या घरात, माझा भाऊ एलम राहतो तिथं. डाट गेल्यावर माम आणि मी या जोडघरात आलो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इथलं टेबल एवढंसं की दोन ताटं आणि एक पाव ठेवला की संपलं. "आणू का एलमकडून?" मी विचारलं. "मावतंय कुठं," माम म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की मी उठून पेटी उघडली. टेबलक्लॉथ तिथं घडी घालून ठेवलेला होता. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याच्यावरून तळवा फिरवला, सुरकुत्या काढल्यासारखा, आणि म्हणाली, "ठेव आत." मी तो पेटीत ठेवला. पण मला भीती वाटायला लागली. सुविला येणार नाही याची नव्हे, ती येईल आणि आम्हाला तिला बसवता येणार नाही याची. हिवाळ्यात माम गेलीच होती म्हणायची, डॉक्टरांनी एलमला बाजूला घेऊन सांगितलंही होतं. पुढचा हिवाळा ती बघेल असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या घराण्यात आता दोन टेबलं मावतील एवढी जागा आमच्या वाट्याला नव्हती.

सोमवारी उजाडता उजाडता मी मशिनीचं इंजिन सुरू केलं, पांढरे कपडे पहिल्यांदा, मग रंगीत, मग एलमच्या गोठ्यातले. पहिला घाणा दोरीवर घालून मामला उठवायला आत आले. तिचा झगा घालून झाला. मग केप. खांद्यांवरून पुढं आणून, मागं त्रिकोणी घडी पाडून, झग्याला टाचण्यांनी जोडायची. आमच्या कपड्यांना गुंडी नसते, जे काही आहे ते टाचण्यांवर. मामचे खांदे आता इतके उतरलेत की घडी दुहेरी पाडावी लागते, आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते, सोडली की घसरली. टाचण्या खिडकीत, खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणात. एक घ्यायला हात सोडायचा, घडी घसरायची, पुन्हा धरायची. रोजचं आहे. लहानपणी हेच झाकण सुविलाच्या हातात असायचं. मी स्टुलावर उभी राहून मामच्या पाठीवर टाचायची, आणि हात मागं केला की तळव्यावर टाचणी. मागावी लागायची नाही. कधी मुद्दाम टोचायची, कार्टी.

एक टाचणी निसटली.

"पडली का?" माम म्हणाली.

"पडली."

"शोध आधी. माझ्या पायात जायची."

"पलंगाच्या खुराशी आहे," दारातून आवाज आला. "दिसतेय मला."

मी वळले नाही. घडी हातात होती. मामची पाठ ताठ झाली ते मला तळव्यांना कळलं. सुविला आत आली, वाकली, टाचणी उचलली. क्षणभर ती टाचणी तिच्या चिमटीत आणि माझा हात वीतभर अंतरावर. मग तिनं खिडकीशी जाऊन ती झाकणात टाकली. टिक असा आवाज झाला. हात मागे घेतला.

"कोण, सुविला?"

"हो, माम."

"दार लोटलंस का? वारा येतोय."

"लोटलं."

"मग बस. अशी उभी काय?" माम म्हणाली. खोलीत खुर्ची नव्हती, ती स्वयंपाकघरात टेबलाशी होती. सुविला माझ्याकडे बघायला लागली. मामनं पलंगावर आपल्या शेजारी हात आपटला. "इथं बस. पलंगाचा काही नियम नाही."

सुविला बसली. जाकीट काढलं नव्हतं. मानेला तिनं लोकरीची पट्टी गुंडाळली होती, जाड, करड्या रंगाची. मामचा हात गोधडीवरून सरकत तिच्या बाहीपर्यंत गेला, तिथून वर, आणि त्या पट्टीशी थांबला. बोटांनी लोकर चोळून बघितली. "बरं केलंस," माम म्हणाली. एवढंच.

मी टाचण्यांकडे हात केला, घडी घसरली. पुन्हा धरली. सुविलानं उठून झाकण खिडकीतून आणलं आणि माझ्यालगत गोधडीवर ठेवलं, म्हणजे मला जवळ पडावं. ठेवलं न ठेवलं तोच ते कललं आणि टाचण्या गोधडीभर. "सांभाळ गं, त्यावर बसायचंय मला जन्मभर," माम म्हणाली. सुविला एकेक वेचायला लागली, वेचली की झाकणात. टिक. मी उचलायची, टोचायची. टिक. मी उचलायची. घडी दर वेळी निसटायची. माम ऐकत होती. बाहेर इंजिनाचा धडधडाट, आत हे टिक टिक. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालेल्या बाया, तिच्या पाठीमागं उभ्या, पत्र्याच्या झाकणाच्या दोन बाजूंना. मी मोठ्या घरात असते, कुणी बघत असतं, तर मला काय वाटलं असतं ते माहीत नाही. मी काही ठरवलं नाही, हे मात्र खरं. दोन्ही हात घडीत अडकले होते, आणि टाचणी हवी होती, आणि माझा उजवा हात मागं गेला, तळवा वर करून, पन्नास वर्षांपूर्वी जायचा तसा.

तळव्यावर टाचणी आली.

मी ती लावली. हात पुन्हा मागं गेला. पुन्हा आली. मी सुविलाकडे बघितलं नाही, तिनं माझ्याकडे बघितलं नसावं. श्वास मात्र तिचा ऐकू येत होता, नाकातून, जोरात. तिसरी, चौथी. घडी एकदाही घसरली नाही. पाठ झाली, खांदा झाला.

"आज भरभर होतंय," माम म्हणाली.

माझा हात तिथल्या तिथं राहिला. आम्ही दोघी थिजलो. मामला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. झाकण केव्हाचं वाजलं नव्हतं.

माम वळली नाही. सरळ खिडकीकडे तोंड करून बसलेली. मग म्हणाली, "पुढची राहिली ना? ती मी लावीन."

पुढची, कमरेवरची, ती पूर्वी नेहमी स्वतःच लावायची. गेली दोन वर्षं मी लावतेय. "तुझ्यानं नाही व्हायचं, माम," मी म्हणाले. तिनं तळवा पुढं केला. माझ्या चिमटीत एक टाचणी होतीच, मी ती तिच्या तळव्यावर ठेवायला गेले. तिनं मूठ मिटून घेतली.

"तुझी नको," माम म्हणाली. "तू रोज देतेस."

आणि मूठ तशीच दुसरीकडे नेली, पट्टी गुंडाळलेल्या मानेच्या दिशेनं, आणि उघडली. गाठाळलेल्या बोटांमुळं तो तळवा आता पुरता उघडत नाही, द्रोणासारखा राहतो. सुविला त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या हातात टाचणी होती. तिचा हात सवयीनं झाकणाकडे वळला, अर्ध्यात थांबला. एवढ्या वर्षांत तिनं आपल्या आईच्या हातात काही दिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही रडेल आणि टाचणी कुठंतरी पडेल, आणि मग आम्ही तिघी ती शोधत बसू. पण तिनं वाकून ती नीट ठेवली, टोक बाहेरच्या बाजूला, मामला टोचू नये म्हणून. आणि तिचा हात मागे आला नाही. मामची मूठ टाचणीवर मिटली तेव्हा त्यात सुविलाची दोन बोटंही होती.

बराच वेळ तशीच. मग मामनं बोटं सोडली आणि कामाला लागली. चाचपत, पुटपुटत, एकदा स्वतःला टोचून घेत. आम्ही मदतीला गेलो नाही. इंजिन बाहेर कोरडंच धडधडत होतं, एलमच्या गोठ्यातले कपडे अजून पाण्यात पडायचे होते. शेवटी लागली टाचणी. आडवी असायची ती तिरकी लागली, वर टोक बाहेर.

"वाकडी लागलीय, माम," सुविला म्हणाली.

"असू दे," माम म्हणाली. "आज ती कोणी नीट करायची नाही."

मग सुविलानं जाकीट काढून पलंगावर टाकलं, बाह्या वर केल्या, आणि दोरीवरच्या चिमट्यांची पिशवी कुठं असते ते न विचारता, मोठ्या घरातल्यासारखीच दारामागून काढून माझ्या हातात दिली.